साडेसातीतला अर्धा

रविवारी रात्री आठ चाळीसला फोन वाजला की आमची मुलगी तो उचलण्याआधीच स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडते, "बाबा, ऑस्ट्रिया!" मी हात पुसत येतो. पलीकडे आधी खाकरणं, मग आवाज.

"ऑस्ट्रिया, वीस मिनिटं राहिली. फौजांचं काय ठरवलंत?"

"लिहितोच आहे, नाना."

"लिहितोय म्हणू नका. पाठवलं म्हणा."

फोन बंद. नमस्कार-चमत्काराला नानांकडे वेळ नसतो, कारण अजून पाच राष्ट्रांना फोन लावायचे असतात. रशियाला मात्र लावावा लागत नाही. रशियाचे हुकूम शुक्रवारी संध्याकाळीच नानांच्या दारावरच्या पेटीत येऊन पडलेले असतात, सुवाच्य अक्षरात, डावीकडे समास सोडून. रशिया म्हणजे आमच्या मुलीच्या चौथीच्या बाई. त्यांच्याकडे नंतर येतो.

आमच्या मंडळाचं नाव 'साडेसाती'. शनीचा त्यात काही संबंध नाही. पेशवाईत साडेतीन शहाणे होते. सखारामबापू, देवाजीपंत आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण, आणि नाना फडणवीस अर्धे, कारण शहाणपण असलं तरी तलवार चालवणाऱ्यांतले ते नव्हते. आमच्यात सात जण पटावर एकमेकांची राज्यं बुडवतात आणि आठवा नुसता हिशेब ठेवतो. म्हणून तो अर्धा, म्हणून तो नाना. घरी त्यांना अण्णा म्हणतात. एरवी, म्हणजे मंडईत किंवा रस्त्यात भेटले, तर ते मला अरे-तुरे करतात. रविवारी संध्याकाळी सहानंतर मी 'ऑस्ट्रिया' आणि 'तुम्ही' होतो. मी एकदा म्हटलं, नाना, हे काय? तर म्हणाले, "ड्यूटीवर असताना ओळख नाही."

ड्यूटी हा शब्द त्यांच्या हाडात आहे. नानांनी एसटीत 34 वर्षं काढली, त्यातली बरीचशी वाहतूक नियंत्रक म्हणून. स्टँडवरच्या त्या खिडकीमागे बसून कोणती गाडी कधी लागणार, कोणती रद्द, कोणाच्या गाडीला कंडक्टर नाही, हे माइकवरून सांगण्यात माणसाचं आयुष्य गेलं की निवृत्तीनंतर घर फार गप्प वाटतं. पहिले सहा महिने नाना सकाळी गॅलरीत उभे राहून समोरच्या रिक्षा थांब्यावरच्या रिक्षा मोजायचे. मग त्यांचा भाचा नोकरीसाठी परदेशी गेला आणि जाताना नको असलेलं सामान मामाकडे टाकून गेला. त्यात एक मोठं खोकं होतं. वर लिहिलं होतं, 'डिप्लोमसी'.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. पट म्हणजे पहिल्या महायुद्धाआधीचा युरोप. सात सत्ता: इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, इटली, ऑस्ट्रिया, रशिया आणि तुर्कस्तान. सुरुवातीला रशियाकडे चार सैन्यं, बाकी सगळ्यांकडे तीन तीन. पटावर 34 ठिकाणं अशी की ती ताब्यात असतील तेवढीच सैन्यं पोसता येतात. नाना त्यांना डेपो म्हणतात. ज्याच्याकडे 18 डेपो झाले तो जिंकला. फासा नाही, पत्ते नाहीत, त्यामुळे नशिबावर ढकलायचीही सोय नाही. आणि सगळ्या सैन्यांचं बळ सारखं. एकाला एक भिडलं तर कुणीच हलत नाही. आत घुसायचं तर दुसऱ्या कुणाचा टेकू लागतो, आणि तो टेकू शेजारच्या राष्ट्राचाही चालतो. आता शेजाऱ्याचा टेकू हवा म्हटल्यावर बोलणं आलं, वचन आलं, आणि वचन आलं की पुढचं मराठी माणसाला सांगायला नको. बोलायला पूर्ण मुभा, शब्द पाळायचं बंधन शून्य.

नानांना मात्र या कशाचं आकर्षण नव्हतं. शब्दकोश घेऊन नियमांची पुस्तिका वाचताना ते थांबले ते एका वेगळ्याच जागी. या खेळात पाळी नसते. साती जण आपापले हुकूम गुपचूप लिहितात, ते एकदम उघडतात, आणि सगळी सैन्यं एकाच क्षणी हलतात. "म्हणजे बघ," ते मला पहिल्यांदा समजावत होते तेव्हा त्यांचा आवाज चक्क हलला होता, "सात आगारांच्या सगळ्या गाड्या एकाच मिनिटाला सुटतात. एकही लेट नाही." 34 वर्षांत त्यांनी जे कधी पाहिलं नव्हतं ते या खोक्यात होतं. शिवाय 34 वर्षं नोकरी आणि 34 डेपो. याला ते योगायोग मानत नाहीत.

खेळ करणाऱ्या माणसाचं चरित्र कळल्यावर तर विषयच संपला. अ‍ॅलन कॅलहॅमर नावाच्या अमेरिकन माणसाने 1954 मध्ये हा खेळ रचला. कंपन्या घेईनात म्हणून 1959 मध्ये पदरच्या पैशाने 500 खोकी काढली. खेळ पुढे जगभर गेला, आणि कॅलहॅमर शिकागोजवळच्या ला ग्रेंज पार्क या गावात पोस्टमन म्हणून टपाल वाटत राहिला. 2013 मध्ये गेला. पोस्टमन! त्यातही, सात माणसं एका टेबलाभोवती दिवसभर बसणं अवघड म्हणून 1963 मध्ये न्यूयॉर्कच्या जॉन बोर्डमन नावाच्या गृहस्थाने हा खेळ पत्रांनी चालवायला घेतला. हुकूम टपालाने पाठवायचे, मधला माणूस निकाल छापून सगळ्यांना कळवणार. म्हणजे पोस्टमनने रचलेला खेळ पोस्टाने चालला. नाना या बोर्डमनला आपल्या कुळाचा मूळ पुरुष मानतात. "खेळणारे काय, शेकड्याने मिळतात," ते म्हणतात. "चालवणारा मिळत नाही."

यात थोडी अतिशयोक्ती आहे. खेळणारेही मिळत नाहीत.

सहा जण अगदी सहज जमतात. लग्नात, बारशात, रक्त तपासायला लॅबच्या बाकावर बसल्या बसल्या, कुठेही. सातवा मात्र सापडत नाही. सहावर भागवायची तरतूद नियमांत आहे. इटली कुणालाच द्यायची नाही, तिची सैन्यं पटावर नुसती उभी ठेवायची. आम्ही ती सुचवली तेव्हा नाना असे बघायला लागले की जणू आम्ही बिनकंडक्टरची गाडी काढा म्हणालो. "रोममध्ये फौज आहे, नेपल्सला आरमार आहे आणि मालक नाही? शोभतं का?" मग सात आठवडे सातव्याचा शोध. न्हाव्याच्या खुर्चीत बसलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी आरशातून विचारलं होतं, "रविवारी रात्री काय करता आपण?" तो माणूस अर्ध्या दाढीनिशी दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसला.

शेवटी सातवा मी आणला. माझा साडू. ही माझी चूक.

2023 च्या गुढीपाडव्याला डाव मांडला. पट हॉलच्या भिंतीवर, कापडावर चिकटवून. खोक्यातली सैन्यं भाच्याने अर्धी हरवली होती, म्हणून फौज म्हणजे चिंचोका आणि आरमार म्हणजे कवडी. रंग काकूंच्या, म्हणजे नानांच्या बायकोच्या, नेलपॉलिशचे, त्यामुळे तुर्कस्तानची फौज गुलाबी आणि थोडी चकचकीत. देशांच्या चिठ्ठ्या देवापुढे ठेवून काकूंनी उचलल्या. इंग्लंड आमच्या गावातल्या केटररला गेलं, फ्रान्स एका डॉक्टरांना, तुर्कस्तान औषधाच्या दुकानदाराला. जर्मनी मिळाला नानांच्या त्याच भाच्याला, जो खराखुरा म्युनिकमध्ये राहतो. यावर त्याने कौतुकाची अपेक्षा केली होती. नाना म्हणाले, "म्युनिकला राहतोस म्हणून फौज आपोआप हलत नाही. नऊ म्हणजे नऊ. आपले नऊ." इटली साडूंना. आणि ऑस्ट्रिया मला. ऑस्ट्रियाला चहूबाजूंनी शेजारी आहेत आणि सगळ्यांना तो आवडतो.

दर दुसऱ्या रविवारी रात्री नऊला मुदत. वसंताची एक चाल, शरदाची एक, मग हिवाळ्यात भरती-कपातीला एक रविवार जादा. म्हणजे पटावरचं एक वर्ष आमच्या पाच आठवड्यांत. नऊला पेटी उघडायची, फोनवरचे हुकूम वहीत उतरायचे आणि सव्वानऊला निकाल. निकाल आवाजाच्या संदेशातून येतो, कारण लिहिण्यात नानांना ती मजा नाही. "कृपया लक्ष द्या. वॉर्सॉहून गॅलिशियाकडे निघालेली फौज व्हिएन्नाहून निघालेल्या फौजेशी समोरासमोर आल्याने दोन्ही फौजा आपापल्या आगारी परत जातील. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." माझं साम्राज्य मोडत असताना मागे कुकरची शिट्टी ऐकू येते.

हुकूम आला नाही तर सैन्य जागच्या जागी उभं राहतं. हा मूळ नियमच आहे. नानांनी त्याला एक पुरवणी जोडली आहे. कारण द्यावं लागतं, आणि ते वहीत चढतं. ही दुसरी वही, लाल पुठ्ठ्याची. ती मी एकदा चोरून वाचली. "इंग्लंड: कार्यालयात पंगत चालू. (तिथी कालनिर्णयात पाहिली. मुहूर्त आहे.)" "फ्रान्स: पेशंट आला. (खरे.)" "तुर्कस्तान: विसरलो. (प्रामाणिक.)" आणि खाली, "ऑस्ट्रिया: लाइट गेली. (शेजारच्या गल्लीत होती.)"

आता या माणसाची खरी अडचण सांगतो. सात जणांचं खोटं बोलणं एकाच पेटीत येऊन पडतं, आणि पेटी नानांची. साडूने मला गळामिठी मारून दिलेलं वचन आणि माझ्या पाठीत खंजीर खुपसायचा हुकूम, दोन्ही त्यांना माहीत. तोंड उघडायचं नाही. आणि नाना असा माणूस की 34 वर्षांत त्यांनी न आलेल्या गाडीला "येतेच आहे" म्हटलं नाही. लोक शिव्या द्यायचे, पण ते "गाडी अद्याप आलेली नाही" एवढंच सांगायचे. अशा माणसाच्या पोटात दर पंधरवड्याला सात राष्ट्रांचा विश्वासघात जमा होतो. मग तो पोटातच बाधतो. कुणाचं खोटं पोटात ठेवायचं असेल त्या दिवशी नाना जेवत नाहीत. सगळं सरळ असेल तेव्हा आमटी-भात दोनदा घेतात.

हे मला काकूंकडून कळलं, अगदी सहज, भाजी निवडताना. मी काही बोललो नाही. मनात मात्र बारभाईंचं कारस्थान शिजलं.

पहिलीच चाल होती. साडूशी माझा तह झाला होता. आमच्या दोघांच्या राज्यांची अवस्था अशी की त्याचं व्हेनिस आणि माझं ट्रिएस्ट हे डेपो एकमेकांना चिकटून. पटावर दोन वेगळ्या सत्तांचे मूळ डेपो असे खेटून दुसरीकडे कुठे नाहीत. म्हणजे भाऊबंदकीची बांधावरची जमीन. साडू म्हणाला, "तुमच्या बांधाला मी हात लावणार नाही. बायकोची शपथ." त्याची बायको माझी मेहुणी, तेव्हा शपथ घरातलीच होती. तरी रविवारी साडेसातला मी काकूंना फोन केला.

"काकू, नाना जेवले का हो?"

"कुठलं रे. सकाळपासून पोटात अन्न नाही. नुसती साबुदाण्याची खिचडी चिवडत होते."

झालं. साडू उलटला! मी ठरवलेले हुकूम फाडले. व्हिएन्नाची फौज गॅलिशियाकडे पाठवणार होतो, तिथे बाईंना अडवायला. ती मागे घेतली आणि ट्रिएस्टच्या आरमाराला टेकू देत उभी केली. बुडापेस्टची फौज तेवढी सर्बियाला पाठवली. आठ पंचावन्नला हुकूम रवाना. मी पाय पसरून बसलो.

निकाल मात्र सव्वानऊला आला नाही. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. दहा वाजून गेल्यावर नानांचा आवाज आला, नेहमीपेक्षा प्रसन्न. "कृपया लक्ष द्या. व्हेनिसची फौज व्हेनिसमध्येच थांबली आहे. रोमची फौज अपुलियाकडे रवाना. वॉर्सॉची फौज गॅलिशियात दाखल झाली असून मार्गात कोणताही अडथळा नव्हता."

साडूने शब्द पाळला होता. दार उघडं टाकलं होतं मी, आणि तेही बाईंना. मी काकूंना पुन्हा फोन लावला. निकालाला उशीर का झाला म्हणून.

"अरे, चंद्रोदय उशिरा होता ना. संकष्टी नव्हती का आज? आत्ता मोदक खाऊन बसले बघ निकाल सांगायला."

पुढचं लवकर सांगतो, कारण ते लवकरच झालं. शरदात मी व्हिएन्ना राखलं आणि बाई बुडापेस्टमध्ये गेल्या. त्यांनी त्याच रात्री मला संदेश पाठवला, "वाईट वाटून घेऊ नका हं. प्रयत्न चांगला होता." चौथीच्या प्रगतिपुस्तकावर असतो तसा. बाई कुणाशीही वाकडं बोलत नाहीत. संक्रांतीला तिळगूळ, दसऱ्याला सोनं, आणि मधल्या काळात एकेक डेपो. त्यांनी आणि औषधवाल्याने हात मिळवले. रशिया-तुर्कस्तान युतीला जगभरचे खेळाडू 'जगरनॉट' म्हणतात. इंग्रजांनी तो शब्द पुरीच्या जगन्नाथाच्या रथावरून उचलला. नानांनी हे आम्हाला सांगितलं, पण रथ माझ्या अंगावरून गेल्यानंतर, कारण आधी सांगणं पक्षपात झाला असता.

गणपतीत दोन आठवडे सुट्टी. दसऱ्याला एसटीच्या गाड्यांना हार घालतात तशी नानांनी पटाची पूजा केली आणि झेंडूचा हार खिळ्याला अडकवला. रात्रीतून तो घसरला आणि इंग्लंडच्या दोन कवड्या घेऊन उत्तर समुद्रावर पडला. सकाळी काकूंनी झाडताना सगळं सुपलीत भरलं. नाना शांतपणे कचऱ्यातून कवड्या काढत म्हणाले, "काही बिघडत नाही. वही आहे." त्यांच्या लेखी युरोप भिंतीवर नव्हताच. तो वहीत होता.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारचा प्रसंग मात्र भाच्याच्या घरात अजून निघतो. पटावर 1906 चा शरद चालू होता. आपल्या रात्रीच्या नऊला म्युनिकमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. त्या रविवारी पहाटे युरोपात घड्याळं तासाने मागे घेतात, म्हणजे आपले नऊ तिथे साडेचारलाच वाजतात. नानांनी आठवडाभर आधी परिपत्रक काढलं होतं. ते भाच्याने वाचलं नाही. मामाची परिपत्रकं कोण वाचतं? त्याने आरामात, त्याच्या सव्वापाचला, मुदतीआधी पंधरा मिनिटं म्हणून हुकूम पाठवले. आपल्याकडे पावणेदहा वाजले होते. निकाल लागून गेला होता. जर्मनीच्या साती फौजा जागच्या जागी उभ्या, आणि डॉक्टरांनी म्युनिक घेतलं.

"मामा, मी म्युनिकमध्येच बसलोय!" भाचा फोनवर ओरडत होता. "माझ्या खिडकीतून दिसतंय म्युनिक!"

"बघून घे," नाना म्हणाले. "गाडी सुटली."

बहीण आठ दिवस बोलली नाही. नानांना त्याचं वाईट वाटलं, पण लाल वहीत नोंद झाली. "जर्मनी: घड्याळ. (परिपत्रक क्र. 9 पाहावे.)"

तो डाव बाईंनी जिंकला हे सांगायची गरज नाही. खरी गोष्ट दुसऱ्या डावाची आहे. साडूची बदली झाली आणि सातवी जागा रिकामी पडली. पुन्हा न्हावी, पुन्हा लॅबचा बाक. कुणी मिळेना. काकू वैतागून म्हणाल्या, "तुम्हीच खेळा ना. वही मी बघते." आठवडाभर नानांनी हो-नाही केलं. मग दोन्ही वह्या काकूंच्या हाती देताना त्यांनी पोच लिहून घेतली.

चिठ्ठ्या निघाल्या. नानांना इटली. बाईंना तुर्कस्तान. मला ऑस्ट्रिया. मी काकूंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "देवाची मर्जी."

काकूंच्या राज्यात आठ चाळीसचा फोन बंद झाला. पहिल्या रविवारी चौघांच्या फौजा जागीच राहिल्या. कारणं सांगायला फोन केले तर म्हणाल्या, "कारणं मी घरात ऐकते तेवढी पुरे." पुढच्या वेळेपासून सगळ्यांचे हुकूम साडेआठलाच हजर.

पण त्याही आधी, पहिल्याच आठवड्यात, नानांचं मला पत्र आलं. लिफाफ्यात, व्यवस्थित घडी करून. "सूचना. येत्या वसंतात व्हेनिसची फौज ट्रिएस्टकडे रवाना होईल. रोमची फौज मागोमाग व्हेनिसला येईल. संबंधितांनी नोंद घ्यावी. गैरसोयीबद्दल क्षमस्व."

मी ते पत्र तीनदा वाचलं आणि हसलो. काय डाव आहे म्हातारबुवांचा! मला घाबरवून ट्रिएस्टमध्ये बांधून ठेवायचं आणि आपण निवांत ट्युनिसकडे निघायचं. डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "हल्ला करणारा कधी सांगतो का?" मी ट्रिएस्टचं आरमार ठरल्याप्रमाणे अल्बानियाला पाठवलं. व्हेनिसची फौज चालत येऊन ट्रिएस्टमध्ये बसली. टेकूसुद्धा लागला नाही.

शरदाआधी दुसरं पत्र. "ट्रिएस्टची फौज ट्रिएस्टमध्येच थांबेल." आता मात्र मी फसणार नव्हतो! थांबणार म्हणतात म्हणजे व्हिएन्नावर येणार. एवढी जवळ आलेली फौज थांबते होय? मी सगळं बळ व्हिएन्नाभोवती लावलं. नानांची फौज ट्रिएस्टमध्येच थांबली आणि डेपो त्यांच्या नावावर चढला. हे असं पटावरची चार वर्षं चाललं. दर पंधरवड्याला सूचना, दर पंधरवड्याला मी, डॉक्टर, केटरर आणि म्युनिकचा भाचा त्या सूचनेच्या ओळींमधलं वाचत बसायचो, आणि नाना लिहिलेलं करायचे. 1904 च्या हिवाळ्यात माझा शेवटचा चिंचोका काकूंनी पटावरून काढून बाटलीत टाकला. मी नानांकडे गेलो. ते खरंच कष्टी झाले होते.

"अरे, मी लेखी कळवलं होतं ना तुला?"

"म्हणूनच तर, नाना."

एकट्या बाईंनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. कोणतं मूल खोटं बोलतंय हे त्यांना पाठीमागूनही कळतं, आणि हे मूल बोलत नव्हतं. इटलीची सूचना यायची, त्याप्रमाणे बाई आपल्या फौजा हलवायच्या. पटावर शेवटी हेच दोघं मोठे उरले, पंधरा-पंधरा डेपो घेऊन. बाईंनी बरोबरी सुचवली. उरलेल्या दोघांनी घाईघाईने मान्य केली. त्या रात्री नानांनी आमटी-भात तीनदा घेतला, हे काकूंनी आपणहून फोन करून सांगितलं. संकष्टी नव्हती. मी कालनिर्णय पाहिलं.

नानांनी दुसऱ्याच दिवशी वह्या परत मागून घेतल्या. खेळणं आपलं काम नव्हे, लोकांचा गैरसमज होतो, असं त्यांचं म्हणणं. तिसऱ्या डावासाठी पट धुऊन पुन्हा ताणून लावला आहे, नेलपॉलिशचा नवा हात फिरला आहे. बाई आहेत, डॉक्टर आहेत, केटरर लग्नाचे मुहूर्त सोडून आहेत, औषधवाले आहेत, भाच्याने दोन घड्याळं घेतली आहेत, मी आहे. सातवा हवा आहे. अनुभवाची अट नाही, देश चिठ्ठीने मिळेल. कुणाची इच्छा असेल त्यांनी रविवारी रात्री नऊच्या आत नानांच्या दारावरच्या पेटीत नाव टाकावं. नऊनंतर आलात तर सोबत कारण लिहून आणा, आणि लाइट गेली होती असं लिहू नका.